बेडकाचा शेपटीवाला भाऊ काय खातो?

दोस्तांनो, कयाधू नदीकाठी पहिला मोठा पाऊस झाला की रात्रभर डरांव-डरांव चालू होतं. ती मंडळी तुमच्या चांगल्या ओळखीची. पण या बेडकांच्या भावकीतला एक प्राणी हिंगोलीत कुठेच सापडणार नाही. त्याचं नाव न्यूट. अंगकाठी पालीची, पण खवले नाहीत. कातडी मऊ, ओलसर. आणि शेपूट जन्मभर तशीच! चीन-जपानकडचे लाल-केशरी पोटाचे न्यूट जगात पुष्कळ लोक काचेच्या टाकीत पाळतात.

त्याचं जेवण एकदा बघाच. गांडुळाचा तुकडा पाण्यात सोडला तरी स्वारीला घाई नसते. वासाने माग काढत तो हळूहळू येतो, तोंड तुकड्याजवळ नेतो, थबकतो... आणि गप्पकन जबडा उघडतो! त्या झटक्यासरशी पाणी आत ओढलं जातं आणि त्याबरोबर घासही. चावणं-चघळणं नाहीच. तुकडा लांब असला तर मान झटकत झटकत गिळायचा. मोठ्या न्यूटला दोन-तीन दिवसांतून एकदा खाऊ मिळाला तरी पुरतो. गंमत म्हणजे जुनी कात निघाली की बरेचदा तो तीही खाऊन टाकतो!

उरलेलं अन्न मात्र लगेच काढायचं. ते सडलं की पाण्यात विषारी अमोनिया तयार होतो, आणि न्यूट तर कातडीतूनही श्वास घेतो, पाणी पितो. नळाच्या पाण्यातला क्लोरीनही त्याला सोसत नाही. टाकीवर घट्ट झाकण हवं, कारण ओल्या काचेवरून चढून तो सहज बाहेर पडतो. त्याच्या कातडीत विष असतं, म्हणून हात लागलाच तर साबणाने धुवायचा.

आता खरं आश्चर्य ऐका. आजीच्या डोळ्यातलं भिंग गढूळ झालं की मोतीबिंदूचं ऑपरेशन करून कृत्रिम भिंग बसवावं लागतं. न्यूटला त्याची गरजच नाही. जपानमधल्या गोरो एगुची यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूटच्या डोळ्यातलं भिंग १६ वर्षांत १८ वेळा काढलं, आणि १८ही वेळा ते पुन्हा उगवलं! हे संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. तोवर ते न्यूट निदान तीस वर्षांचे म्हातारे झाले होते, तरी शेवटचं भिंग अगदी त्यांच्याहून तरुण न्यूटच्या भिंगासारखं होतं. तुटलेला पाय, तुटलेली शेपूट हेही त्याला नव्याने येतं.

मग आणूया का एक घरी? मी तर नाहीच म्हणेन. या न्यूटना साधारण १६ ते २० अंशांचं थंडगार पाणी लागतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीशी ओलांडतो. त्या उकाड्यात टाकीतलं पाणी तापलं की न्यूट खाणं सोडतो, आजारी पडतो, मरतोही. शिवाय पाळण्यासाठी देशोदेशी नेलेल्या अशा प्राण्यांबरोबर एक घातक बुरशी युरोपात पोहोचली आणि नेदरलँड्समधले न्यूटचे भाऊबंद, म्हणजे रानातले फायर सॅलॅमँडर, जवळजवळ संपले. आपल्या देशातला न्यूट दार्जिलिंग-सिक्कीमच्या गार डोंगरांत राहतो. त्याला कायद्याचं संरक्षण आहे. त्याला तिथेच सुखाने राहू द्यावं.

आपल्याकडे बघायला काय कमी आहे? पावसाळ्यात हळदीच्या शेताकडेच्या डबक्याशी मोठ्या माणसाला सोबत घेऊन जा आणि काठावरूनच बेडूकमासे न्याहाळा. बहुतेक जण शेवाळ खरवडत असतील. पण मोठ्या पिवळ्या बेडकाची पिल्लं शिकारी असतात, शेजारची पिल्लंही गट्ट करतात! पायांवर लक्ष ठेवा. बेडूकमाशाचे मागचे पाय आधी दिसतात. न्यूटच्या पिल्लाचं नेमकं उलट, पुढचे आधी. चारही पाय आले की बेडूकमासा जेवण जवळपास बंदच करतो, कारण शेवाळ खाणारं तोंड आणि लांबलचक आतडं आता किडे खाण्यासाठी बदलत असतं. मग त्या दिवसांत तो जगतो कशावर? स्वतःच्या शेपटीवर! ती गळून पडत नाही, हळूहळू अंगात जिरते.