तहानेने राखलेले रान

जामच्या चौरस्त्यावरून नागपूरकडे जाणाऱ्या एसटीत मी गेली तीस-बत्तीस वर्षे बसतो आहे. अंतर सत्तरेक किलोमीटरचे. खिडकीतून आधी कापूस, तूर, सोयाबीन दिसते, मग बुटीबोरीचे कारखाने, मग लेआउटचे फलक. हे फलक दरवर्षी थोडे थोडे जामच्या दिशेने सरकतात. नागपूर दुसऱ्या बाजूने, काटोल रस्त्याने सोडले, तर मात्र शहर संपता संपता गोरेवाड्याचे जंगल लागते. सुमारे 1914 हेक्टरांचे. साग, तेंदू, पळस. नीलगाय, चितळ आणि बिबट्यासुद्धा. एकाच शहराच्या एका कडेला रान टिकले आणि दुसऱ्या कडेला नाही, असे का व्हावे?

मी वनशास्त्र शिकलेलो नाही. जुनी गॅझेटियरे, पाणीपुरवठ्याचा इतिहास आणि पायी फिरणे, एवढ्यावर माझे काम चालते. या प्रश्नामागे मी नेटाने लागलो तो भाच्यामुळे. तो बार्सिलोनाला नोकरीला आहे. तिथल्या कोलसेरोलाच्या डोंगरावरून त्याने फोन केला, “मामा, इथं तर तुमचा गोरेवाडाच दिसून राहिला! फक्त सागाच्या जागी पाईन आहेत.”

कोलसेरोला म्हणजे बार्सिलोनाच्या पाठीशी असलेली डोंगररांग. आठ हजार हेक्टरांहून अधिक पसरलेल्या या रानाला 2010 मध्ये निसर्ग उद्यानाचा दर्जा मिळाला. तिथे ओकही आहेत, पण मोठा भाग अलेप्पो पाईनचा. हा आपल्या हिमालयातल्या चीड वृक्षाचा भाऊबंद. मला वाटले होते, हे रान अनादी काळापासूनचे असेल. तसे नाही. त्या उतारांवर एके काळी बऱ्याच ठिकाणी द्राक्षमळे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतून आलेल्या फायलॉक्सेरा नावाच्या किडीने वेलींची मुळे खाल्ली आणि मळे ओस पडले. पाईनला उजाड, उन्हाची जमीन मानवते, बी वाऱ्यावर उडते. त्याने पडीक मळे भरून काढले. म्हणजे आज लोक ज्याला निसर्ग म्हणून फिरायला जातात, त्याचा बराचसा भाग ही शेतकऱ्याच्या बुडालेल्या शेतीची जागा आहे.

मग गोरेवाड्याचे काय? तिथे कुणाची शेती बुडाली नाही. तिथे शहराला तहान लागली. नागपूरला 1870 च्या सुमारास अंबाझरीचे पाणी मिळू लागले. वाढत्या वस्तीला ते पुरेना, तेव्हा 1912 च्या सुमारास गोरेवाड्याचा तलाव झाला. तलावाला पाणलोट लागतो, आणि पिण्याच्या पाण्याचा पाणलोट म्हटला की तिथे वस्ती नको, नांगर नको, गुरे नकोत.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. झाडे असली की पाणी वाढते, असे आपण सरसकट बोलतो. झाड पाणी बनवत नाही. उलट स्वतः बरेच पिते. ते करते एवढेच, की पावसाचा मार अंगावर घेते. खाली पडलेला पालापाचोळा ओहोळाचा वेग मोडतो, काही पाणी मुरते, माती जागेवर राहते. शहराच्या पश्चिमेकडे काळा पाषाण आणि त्यावर थोडीशी माती. असा उतार बोडका झाला, तर दोन-चार पावसाळ्यांत गाळ तलावात. तलाव भरतो पाण्याने, मरतो गाळाने.

मुंबईतही हेच. विहार तलाव 1860 चा, तुळशी 1879 चा. त्यांच्याभोवतीचे पाणलोट राखले गेले म्हणून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला उभे राहायला जमीन उरली. नागपुरात अंबाझरीच्या काठीही रान आहेच. सेमिनरी हिल्स माझ्या या मांडणीत बसत नाही, हे कबूल करतो.

भाच्याच्या तुलनेत एक मोठी खोट होती, ती आगीची. पाईनच्या अंगात राळ असते. तिकडे उन्हाळा कोरडा, त्यामुळे एकदा पेटले की आग शेंड्याशेंड्यांवरून धावते आणि झाड मरते. पण अलेप्पो पाईनने त्याचीही सोय केली आहे: त्याची काही फळे राळेने बंद असतात, ती आगीच्या धगीने उघडतात आणि राखेवर बी पडते. आपल्याकडचा वणवा बहुधा जमिनीवरून सरपटत जातो. फाल्गुन-चैत्रात सागाची पाने खाली आलेली असतात, ती जळतात. मोठा साग सहसा वाचतो, कोवळे रोप जळाले तरी बुडातून पुन्हा फुटते. म्हणून वरवर पाहता आपले रान जळून काही बिघडत नाही असे वाटते. बिघडते ते खाली. पाचोळा गेला की पहिल्याच पावसात माती वाहते. जाळरेषा काढायच्या त्या जंगलासाठी, पण गोरेवाड्यात त्या तलावासाठीही असतात.

आता मुद्दा असा, की ती तहान गोरेवाड्यावरून उठून गेली. आधी कन्हानचे पाणी आले, नंतर पेंचचे. गोरेवाड्यात आज जलशुद्धीकरण केंद्रे आहेत, पण तिथे येणारे पाणी मुख्यतः पेंचचे. स्वतःच्या पाणलोटाचे महत्त्व कमी झाले. शहराच्या कडेची एवढी जमीन कारणावाचून किती दिवस राहणार होती? तिला नवे कारण मिळाले ते प्राणिसंग्रहालयाचे. 26 जानेवारी 2021 रोजी बाळासाहेब ठाकरे गोरेवाडा आंतरराष्ट्रीय प्राणी उद्यानातली सफारी सुरू झाली. मोकळ्या रानात कुंपणे घालून वाघ-अस्वले दाखवणे मला फारसे रुचत नाही. पण तिकिटाच्या खिडकीपुढची रांग पाहिली, की हेही एक राखण आहे हे मान्य करावे लागते. फक्त तहान आणि हौस यांत फरक आहे. तहानेला पाणलोट अखंड लागतो; हौसेला पिंजऱ्याएवढा तुकडाही चालतो.

आणि जामची बाजू? नागपूरने पाणी पश्चिमेला शोधले, मग उत्तरेला. दक्षिणेला, आमच्याकडे, ते शोधायला कुणी आले नाही. आमच्याकडे आला तो हैदराबादचा महामार्ग. इथल्या माळांना ‘पाणलोट’ हे नाव कधी लागले नाही, म्हणून ‘अकृषक’ हे नाव लागायला फार वेळ लागला नाही. हा माझा तर्क आहे. कागदपत्रांनी तो खोटा ठरवला तर मला आनंदच होईल. मागच्या महिन्यात चौरस्त्यापासून जवळच एका शेताच्या बांधावरचा पळस तोडलेला दिसला. बुंध्यापाशी नव्या फलकाचे दोन लोखंडी खांब आडवे ठेवलेले होते.