कांचनभटाचें सोवळें

गोविंद बल्लाळ देवलांचें ‘संगीत शारदा’ नाटक १८९९ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांतील बोहल्यावर चढूं पाहणाऱ्या वृद्ध भुजंगनाथाला प्रेक्षक हंसतात. पण खरा अपराधी पैशासाठीं कोवळी शारदा त्याला देणारा तिचा पिता कांचनभट होय. म्हाताऱ्याचा मोह निदान उघडा आहे. कांचनभट मात्र विक्रीला कन्यादानाचें सोवळें नेसवितो. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत कन्याशुल्क घेणाऱ्या पित्यास अपत्यविक्रयी म्हटलें आहे. हें भटजींस ठाऊक नव्हतें काय? अखेर लग्न मोडतें, तेंहि वधूवर सगोत्र निघाल्यामुळें; मुलीच्या अश्रूंमुळें नव्हे! १९२९ च्या कायद्यानें वधूचें किमान वय १४ ठरलें, पुढें तें १८ झालें. परंतु स्वार्थाला धर्म म्हणण्याची खोड कोणता कायदा घालविणार? वाचकहो, मुलीचें ‘हित’ ठरवितांना त्यांत आपला लाभ किती, हें प्रत्येकानें आधीं मनास विचारावें.