कानाची करमणूक (भाग ७) : एक मिनिट, न अडखळता

गेल्या आठवड्यात आपण 'पुन्हा प्रपंच'मध्ये रमलो होतो. बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशींचे पंत. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरच्या या तीन आवाजांनी महाराष्ट्राला वर्षानुवर्षं हसवलं. तो लेख वाचून आमच्या वैरागच्याच एका निवृत्त मास्तरांनी मला एसटी स्टँडवर गाठलं. म्हणाले, "ते सगळं लिहून आणलेलं वाचायचे ना हो? मग न लिहिता कुणी हसवलंच नाही का रेडिओवर?"

प्रश्न रास्त आहे. न लिहिता हसवण्याचा एक प्रकार रेडिओवर आहे, पण तो फोफावला विलायतेत. टेबलाभोवती चार बोलघेवडी माणसं, मध्ये एक अध्यक्ष, समोर हॉलभर श्रोते आणि एखादा आडमुठा नियम, एवढंच त्याचं भांडवल. बीबीसीवर 'जस्ट अ मिनिट' हा असा खेळ २२ डिसेंबर १९६७ रोजी सुरू झाला आणि अजून चालू आहे. त्याचं अध्यक्षपद निकोलस पार्सन्स यांनी पन्नास वर्षांहून अधिक काळ सांभाळलं. २०२० साली ते गेले, तेव्हा वय शहाण्णव होतं.

खेळ असा. अध्यक्ष विषय देतात. त्यावर एक मिनिट बोलायचं, पण अडखळायचं नाही, शब्द पुन्हा उच्चारायचा नाही आणि विषय सोडायचा नाही. दिलेल्या विषयातला शब्द मात्र कितीदाही चालतो. बाकीचे तिघे बझरवर बोट ठेवून टपलेलेच असतात. चूक पकडली की पकडणाऱ्याला गुण आणि उरलेले सेकंद त्याचे. हरकत खोटी ठरली तर गुण बोलणाऱ्याला. शिट्टी वाजते तेव्हा जो बोलत असेल, त्यालाही एक. इयन मेसिटर यांना ही कल्पना शाळेतल्या शिक्षेवरून सुचली म्हणतात. वर्गात तंद्री लागलेल्या या पोराला मास्तरांनी उभं केलं आणि आत्ता शिकवलेलं न अडखळता, तेच ते न बोलता, मिनिटभर सांग म्हणून फर्मावलं.

कागदावर हे वक्तृत्व स्पर्धेसारखं वाटतं. कानाला कसं लागतं ते पाहायचं तर खेळ आपल्याकडे आणू. विषय घेऊ हुरडा.

पहिला गडी सुरू करतो: "हुरडा खावा तर थंडीत, सकाळी सकाळी..." बझर. 'सकाळी' दोनदा झालं. गेला. दुसरा: "शेतात आगटी पेटवायची, कणसं भाजायची, तळहातावर चोळून दाणे काढायचे आणि गरमागरम..." पुन्हा बझर. 'गरम' दोनदा आलं की एकदाच? यावर वाद. अध्यक्ष डोकं खाजवतात आणि दुसऱ्याच्या बाजूने निकाल देतात. तो पुढे: "सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही... अं..." अडखळला. तिसरा टपलेलाच होता: "हुरड्याला आमच्या मेव्हण्यांना बोलावलं. त्यांनी गेल्या साली ट्रॅक्टर घेतला, लाल रंगाचा, कर्ज काढून..." बझर. विषयांतर! "विषयांतर कसलं? त्याच ट्रॅक्टरवर बसून हुरड्याला गेलो ना!" हॉल हसतो, अध्यक्ष हरतात, गुण तिसऱ्याला.

यातली गंमत बघा. कुणीही विनोद सांगितलेला नाही. हसू आलं ते माणूस सापडल्याचं आणि सापडूनही निसटल्याचं. आपल्या बोलण्यात तर हळूहळू, बारीकसारीक, घरोघर, जाता जाता अशा शब्दांची रेलचेल. मराठीत हा खेळ इंग्रजीपेक्षा अवघड जाईल आणि म्हणून जास्त रंगेल, असं माझं मत आहे. तिकडे तरी काय, बीबीसीचं नाव घेतलं तर 'बी' दोनदा आला म्हणून बझर दाबतात.

हे सगळं रेडिओवरच का खुलतं, याचंही कारण आहे. पडद्यावर माणूस अडखळला तर त्याचा चेहरा वेळ भरून काढतो. रेडिओवर अर्धा सेकंद शांतता पडली की ती घराघरांत ऐकू जाते. शिवाय ऐकणारा नुसता ऐकत नाही. पोळ्या लाटता लाटता, गोठ्यात धार काढता काढता तोही मनात बझर दाबत असतो आणि अध्यक्षांच्या आधी निकाल देतो. आणि खर्च किती? ना सेट, ना रंगभूषा. इतका स्वस्त कार्यक्रम बंद करायला साहेबाला कारणच सापडत नाही.

दुसरा खेळ याहून वात्रट. 'आय अ‍ॅम सॉरी आय हॅवन्ट अ क्लू' १९७२ साली सुरू झाला. त्याची मंडळी आधी लिहिलेला विनोदी कार्यक्रम करत. दर आठवड्याला संहिता लिहून कंटाळली आणि न लिहिता काही करू म्हणाली. अध्यक्ष जॅझवादक हंफ्री लिटलटन. गुण मोजायला समांथा नावाची एक बाई बसलेली आहे असं ते दर वेळी सांगत. अशी बाई नव्हतीच आणि गुणही कुणी मोजत नव्हतं. त्यातल्या एका डावात खेळाडू लंडनच्या भुयारी रेल्वेची स्टेशनं गंभीर चेहऱ्याने आळीपाळीने म्हणतात. 'मॉर्निंग्टन क्रेसेंट' आधी म्हणेल तो जिंकला. मग पहिल्याच झटक्यात का म्हणत नाहीत? कारण नियम फार गुंतागुंतीचे आहेत म्हणे. नियम नाहीतच, हे सगळ्यांना ठाऊक असतं. सोलापूर, वडाळा, पानगाव, बार्शी करत 'वैराग'वर डाव संपवायला आपल्यालाही हरकत नाही.

एक खरं सांगायला हवं. न लिहिता म्हणजे अगदीच न लिहिता नव्हे. लिटलटन यांच्या तोंडची वाक्यं लिहिलेली असत. बाकीच्यांनी त्यांवर काय उड्या मारायच्या, ते मोकळं.

आता आपल्याकडे. हजरजबाबीपणाचा आपल्याला तोटा होता का? आपली शाहिरी जुनीच; सोलापूरच्या राम जोशींची लावणी अठराव्या शतकातली. कलगी-तुऱ्याच्या फडात एका बाजूने सवाल टाकायचा, दुसऱ्याने डफ-तुणतुण्यावर जवाब द्यायचा आणि जवाब सुचला नाही तर चारचौघांत हार पत्करायची. नियम, प्रतिस्पर्धी, न्याय करणारे श्रोते, सगळं तिथे हजर आहे. तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या आयत्या वेळी गावातलं काहीतरी उचलून वाक्य फेकतो. सोलापुरात जन्मलेल्या वसंत सबनीसांनी 'विच्छा माझी पुरी करा' लिहिलं. त्यात दादा कोंडक्यांनी प्रयोगागणिक ताज्या कोट्या घातल्या, आणि लोक तेच नाटक पुन्हा पुन्हा बघायला गेले ते त्यासाठीच.

आणि आकाशवाणीकडे माणसं कोण होती? पुण्याला पु. ल. देशपांडे १९५५ साली रुजू झाले. त्याच केंद्रावर ग्रामीण कार्यक्रम पाहायला व्यंकटेश माडगूळकर. पुढे मुंबईला मंगेश पाडगावकर. या तिघांना एका टेबलाशी बसवून 'विषय : आमचे साहेब, वेळ एक मिनिट' म्हणायचं, एवढंच बाकी होतं. ते झालं नाही. सरकारी केंद्रावर शब्द आधी कागदावर यायचा, कागद वरिष्ठांच्या नजरेखालून जायचा आणि मग तो मायक्रोफोनपर्यंत पोहोचायचा. जे उत्स्फूर्त, त्याची जबाबदारी कोण घेणार? दोष माणसांचा नव्हता, पण नुकसान आपलं झालं.

आज खासगी एफएमवर निवेदक न लिहिता तासन्‌तास बोलतात. पण एकटेच बोलतात आणि त्यांना अडवणारं कुणी नाही. नियम नाही म्हणून सापडणं नाही, सापडणं नाही म्हणून निसटणं नाही. टीव्हीवरची प्रहसनं चांगली असतात, पण ती तालमीतून आलेली.

इंग्रजी माध्यमाच्या कॉलेजांतून मात्र 'जॅम' या नावाने हा खेळ आपल्या देशात कधीचा मुरलाय. इतका की २०१२ साली बीबीसीची मंडळी मुंबईला आली आणि 'जस्ट अ मिनिट'चे दोन भाग तिथे करून गेली. इंग्रजीत अर्थात.

मास्तर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच की हसवणारे होते, हसणारे होते, बझर तेवढा कुणी ठेवला नाही. सोलापूर आकाशवाणीने महिन्यातून अर्धा तास दिला तर उत्तमच. तोवर गणपतीत आपल्याच मंडळांनी एक संध्याकाळ ऑर्केस्ट्राऐवजी हे करून पाहावं. चार माणसं, चार सायकलच्या घंट्या आणि मोबाईलवरचं घड्याळ पुरे. नियम कडक ठेवा, गुण कसेही द्या. आणि अध्यक्षाच्या खुर्चीत गावच्या पुढाऱ्याला बसवू नका. ज्याची चारचौघांत थट्टा केली तर चालते, असा माणूस शोधा.