हातातले शस्त्र आणि मनाची तयारी

खंडेनवमीला आमच्या घरी शस्त्रपूजा होते. आम्ही दुकानदार माणसे. आमच्या पाटावर तलवार नसते. तराजू, मापे, अडकित्ता आणि सुतळी कापायचा चाकू एवढीच आमची शस्त्रे. गेल्या वर्षी त्यातला चाकू मी पिशवीत ठेवू लागलो, कारण रात्री दुकानाचा गल्ला घरी नेण्याचे काम माझ्याकडे आले होते.

एका रात्री रेल्वे फाटकापलीकडे, अंधारात, दोघांनी माझी सायकल अडवली. एकाने गळपट्टी धरली, दुसऱ्याने पिशवी हिसकली. मी ओरडलोसुद्धा नाही. ते दिसेनासे झाल्यावर मला चाकू आठवला, आणि तो तर पिशवीबरोबरच गेला होता! घरी काका एवढेच म्हणाले, "अरे, पैसे पुन्हा मिळवता येतील. तुझ्या हातात चाकू दिसला असता तर त्यांनी काय केले असते?"

मी भित्रा आहे का, हा प्रश्न पुढे कित्येक दिवस मला छळत होता. त्याचे उत्तर शोधताना जे वाचले, ते येथे मांडतो.

संकट समोर येताच शरीरात अ‍ॅड्रिनलिन हे द्रव्य पसरते. छाती धडधडते, रक्त मोठ्या स्नायूंकडे धावते, बोटांचे नाजूक काम बिघडते, नजर एकाच ठिकाणी खिळते. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ सालच्या आपल्या ग्रंथात शरीराच्या या तयारीचे वर्णन केले आहे. लढणे किंवा पळणे यांसाठी ती असते. पण काय करायचे हे आधी ठरलेले नसेल, तर माणूस यांपैकी काहीच न करता जागच्या जागी थिजतो. माझे नेमके तेच झाले.

जेफ कूपर हे अमेरिकेच्या मरीन दलातील अधिकारी. पुढे पिस्तूल शिकवणे हाच त्यांचा व्यवसाय झाला. तरीही त्यांनी शस्त्रापेक्षा मनाला अधिक महत्त्व दिले. मनाच्या स्थितीला त्यांनी चार रंग दिले. पांढरा म्हणजे बेसावध. पिवळा म्हणजे शांत, पण आजूबाजूला लक्ष असलेला. नारिंगी म्हणजे विशिष्ट माणसाचा किंवा हालचालीचा संशय आलेला. तांबडा म्हणजे प्रतिकारास सिद्ध. पांढऱ्यातून एकदम तांबड्यात उडी मारणे फार अवघड असते. त्या रात्री मी उद्याच्या अकाउंटन्सीच्या पेपरचा विचार करीत होतो. माझा रंग पांढरा होता!

आता कायद्याकडे वळू. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ ही स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत. पूर्वी भारतीय दंड संहितेत ती ९६ ते १०६ होती. शरीराच्या रक्षणाचा हक्क धोक्याची रास्त भीती निर्माण होताच सुरू होतो. पहिला घाव सोसण्याची सक्ती नाही. पण ती भीती असेपर्यंतच तो टिकतो. पोलिसांचे साहाय्य घेण्यास अवसर असेल तर तो हक्क नाही, आणि गरजेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभाही नाही. समजा, चाकू माझ्या खिशात असता आणि धोका टळल्यावर, पळणाऱ्याच्या पाठीत मी तो मारला असता, तर आरोपीच्या पिंजऱ्यात मीच उभा राहिलो असतो.

आपल्याच राज्यातील कोडगू जिल्ह्यात कोडवांना आणि जम्मा जमीनधारकांना बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे. २०१९ साली ती दहा वर्षांसाठी वाढवण्यात आली. कैलपोद सणाला तेथे शस्त्रांची पूजा होते. बाकीच्यांना बंदूक बाळगायची तर १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवाना लागतो. परंतु सूट असो वा परवाना, तो शस्त्र बाळगण्यापुरता. ते कधी चालवायचे याची मर्यादा दोघांनाही एकच.

मग तयारी म्हणजे काय? जमाखर्च रोजच्या रोज लिहावा तसे निर्णय आधीच मनात लिहून ठेवायचे. पिशवी मागितली तर द्यायची. अंगावर आले तर मोठ्याने ओरडायचे, उजेडाकडे पळायचे, ११२ ला फोन करायचा. वाटच उरली नाही तरच हात उचलायचा, आणि तोही सुटका होईपर्यंतच. ओरडण्याचासुद्धा सराव लागतो. मी तो गच्चीवर केला, तेव्हा शेजारचे धावत आले!

कन्नडमध्ये 'एच्चर' या एकाच शब्दात जागे असणे आणि सावध असणे हे दोन्ही अर्थ येतात. रस्त्यावरच्या 'एच्चरिके' या पाट्या आपण रोज पाहतो. त्यांचा अर्थ मला पिशवी गेल्यावर कळला. आता मी दिवेलागणीपूर्वी, चुलतभावाला बरोबर घेऊन, हमरस्त्यानेच घरी येतो. यंदाच्या खंडेनवमीला पाटावर नवा चाकू होता. पूजा झाल्यावर तो दुकानात गेला, सुतळी कापायला.