सातबारा नाही, म्हणून शेतकरी नाही?

तळेगाव दाभाडे म्हटले की बाबासाहेबांचा बंगला आठवतो. त्याच परिसरात आज पॉलिहाऊसमध्ये गुलाब फुलतो. पॉलिहाऊसला निम्म्या खर्चापर्यंत सरकारी अनुदान आहे. पण अर्जाला सातबारा लागतो. फुले तोडणाऱ्या भूमिहीन बाईने तो कुठून आणावा?

'पीएम किसान'चेही तेच. २०१९ पासून केंद्राचे वर्षाला ६ हजार, २०२३ पासून राज्याचे 'नमो'चे आणखी ६ हजार. दोन्ही जमीनधारकालाच! २०११ च्या जनगणनेत देशात शेतकरी ११.८८ कोटी, तर शेतमजूर १४.४३ कोटी. घाम गाळणारेच यादीबाहेर.

तुमच्यासाठी वेगळी योजना आहे, असे आम्हाला सांगितले जाते. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना, २००४ ची. भूमिहीनाला ४ एकर जिरायती किंवा २ एकर बागायती जमीन. २०१८ मध्ये ती शंभर टक्के अनुदानाची झाली. पण खरेदीची मर्यादा ठरली एकरी ५ लाख आणि ८ लाख. एक्स्प्रेस वे आणि एमआयडीसीच्या मावळात या भावात जमीन कोण देणार? योजना कागदावर आणि समाज दुसऱ्याच्या बांधावर!

भूमिहीनांसाठी १९५९ आणि १९६४ चे सत्याग्रह लढवणाऱ्या दादासाहेबांच्या नावाची ही थट्टा आहे. शेती राज्याच्या मालकीची करा, ती कसायला देताना जातपात पाहू नका, हे बाबासाहेबांनी १९४७ मध्येच लिहून ठेवले. छत्तीसगडने २०२१ मध्ये भूमिहीन शेतमजुराला वर्षाला ६ हजार देऊ केले. मग फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्राला अडचण कसली?

कार्यकर्त्यांनो, जयंतीची वर्गणी गोळा करताना वस्तीतल्या भूमिहीनांची यादीही करा. ती घेऊन वडगावच्या तहसील कचेरीवर धडका. मागितल्याशिवाय कोणी देत नाही.