आरा मशीनच्या पट्टीचे दात कसे ओळखावेत?

भंडारा जिल्ह्यात मोहाडी भागात विणली जाणारी करवती काठाची साडी आम्ही वर्षानुवर्षे विकत आलो आहोत. अंगात कोसा, काठ सुती, आणि काठावर करवतीच्या दातांसारखी टोके, म्हणून हे नाव. काठ पाहून माल ओळखणे हा आमचा रोजचा धंदा. खऱ्या करवतीचे दात मात्र आम्हांला ओळखता येत नव्हते, आणि त्याचे नुकसान आम्ही भोगले.

दुकानात कापडासाठी खण करायचे होते. वाळलेला सागाचा गोल माल घेतला आणि एका आरा मशीनवर चिरून आणला. फळ्या लहरी निघाल्या. एकाच फळीत कुठे आठ सूत, कुठे सहा. (हे सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आमच्या दुकानातले नव्हे!) रंधा मारून सारख्या करता करता चांगला साग भुशात गेला. आम्ही लाकडाला दोष देत होतो. सुतार मिस्त्री म्हणाले, "सेठ, लाकूड चांगलंच आहे. पट्टीचे दात पाहिले होते का?"

त्यांनी सांगितले ते असे. पट्टीच्या पाठीला गुण्या लावून दाताची पुढची बाजू पाहावी. ती जवळजवळ सरळ उभी असेल तर दात कमी झुकावाचा. टोक पुढे आलेले, पोपटाच्या चोचीसारखे दिसले तर जास्त झुकावाचा. तयार पट्टीच्या खोक्यावर १०/३० किंवा ४/३२ असे आकडे असतात. पहिला आकडा या झुकावाचे अंश, दुसरा दाताच्या पाठीच्या उताराचे. १० अंशांचा दात ओल्या, मऊ लाकडात भराभर शिरतो. आंब्यासारखे लाकूड त्यावर छान चिरते. धावडा, वाळलेली बाभूळ अशा कठीण मालाला ४ ते ७ अंश बरे. सागाची गोष्ट थोडी वेगळी. त्यात वाळूच्या जातीचे खनिज असते, म्हणून दात लवकर बोथट होतात. बोथट पट्टी रेटली की ती वाट सोडते. आमच्या फळ्यांचे तेच झाले होते.

दोन दातांमधली खाच फार लोक पाहत नाहीत. चिरलेल्या लाकडाचा भुसा मोकळा झाला की कितीतरी जास्त जागा घेतो, आणि खोडातून बाहेर पडेपर्यंत तो याच खाचेत बसतो. रुंद खोडाला उथळ खाच लावली तर भुसा बाजूला सांडतो, पट्टी तापते आणि नागमोडी चालते. खाचेचा तळ गोल हवा. तिथे कोपरा पडला की तडा तेथूनच सुरू होतो.

तिसरी गोष्ट दातांच्या फाकणीची. एक दात डावीकडे, एक उजवीकडे आणि बहुधा एक मधोमध सरळ. ओल्या, मऊ लाकडाला फाकणी जास्त लागते, कठीण वाळलेल्याला कमी. गरजेपेक्षा जास्त ठेवली तर प्रत्येक कापात आपलाच माल भुसा होतो. शंभर फळ्यांचा हिशेब करून पाहा.

मिस्त्रींची एक युक्ती आम्हांला फार आवडली. नवी पट्टी आली की बंद मशीनवर, ती चढवण्याआधी, जाड कागदावर चार-पाच दात पेन्सिलीने उतरवून घ्यावेत. धार लावून पट्टी परत आली की ती त्या कागदावर ठेवावी. नुसती टोके घासलेली असतील तर खाच उथळ झालेली लगेच दिसते, आणि दहाचा दात दहाचा राहिलेला नसतो. दात निळे पडलेले दिसले तर घासताना पोलाद जळाले, ती धार टिकत नाही. फाकणी आधी आणि धार नंतर, हा क्रमही विचारून घ्यावा.

पुढच्या खेपेस आम्ही माल टाकण्याआधी पट्टी दाखवा म्हटले. आरावाला हसला, पण त्याने पट्टी बदलली.