पंख फडफडवणारं विमान

सुरतेत वाढलेल्या मराठी मुलाला पतंग शिकवावा लागत नाही. खानदेशातून कामासाठी उधना-लिंबायतला आलेल्या घरांतली नातवंडंही उत्तरायणाच्या महिनाभर आधीपासून मांज्याच्या रंगावरून भांडतात. म्हणून ऑर्निथॉप्टर इथे रुजेल, असं मला पहिल्यापासून वाटत होतं. नाव जड, पण वस्तू साधी: पक्ष्यासारखे पंख मारत उडणारं छोटं विमान.

फ्रान्सच्या आल्फोन्स पेनोने १८७४ मध्ये रबराच्या पिळावर असा पक्षी उडवला होता. आपण करतो तेही जवळपास तेच. बांबूच्या काडीखाली रबर ताणायचं. पुढच्या टोकाला स्टीलच्या तारेची वाकवलेली क्रँक. पिळलेलं रबर उलगडू लागलं की क्रँक फिरते आणि तिला जोडलेल्या दोन काड्या पंखांना वर-खाली ढकलतात. पंखांना साडीच्या पॅकिंगचं झुळझुळीत प्लॅस्टिक चालतं, आणि ते सुरतेत मागावं लागत नाही!

खरी गंमत पंखातच आहे. त्याची पुढची कड ताठ आणि मागचा भाग सैल हवा. पंख खाली येताना सैल भाग वर फुगतो, वर जाताना खाली झुकतो. दोन्ही वेळा हवा मागे ढकलली जाते आणि पक्षी पुढे सरकतो. पतंगबाज मुलं सवयीने प्लॅस्टिक ताणून चिकटवतात. मग पक्षी जागच्या जागी फडफडतो आणि नाक खाली करून आपटतो. हे सांगून पटत नाही. दोनदा आपटला की पटतं.

बाजारात तयार पक्षी मिळतात, पण ते आणू नयेत असं माझं ठाम मत आहे. मोडला की खेळ संपतो. स्वतः केलेला मोडला, तर मूल आधी डिंक शोधतं.

एकट्याने हा छंद टिकत नाही. क्रँक वाकवणं मुलांच्या हाताबाहेरचं असतं, आणि तिथे आमचे लूम फिटर काका लागतात. निवृत्तीनंतर घरात गप्प बसून असत. आता पक्कड खिशात घेऊनच येतात. मुली पंख कापण्यात तरबेज आहेत. कोणी पीळ मोजतं, कोणी रबराला एरंडेल लावतं, म्हणजे ते लवकर तुटत नाही.

मोठ्यांपैकी कोणीतरी हमखास १८९५ च्या चौपाटीवरचे शिवकर बापूजी तळपदे काढतं. अभिमान ठीक आहे, पण त्या उड्डाणाचा भक्कम पुरावा नाही, हे मी मुलांना सांगतो. त्यापेक्षा टोरांटो विद्यापीठाचं ‘स्नोबर्ड’ दाखवतो. २०१० मध्ये टॉड रायकर्टने पायाच्या जोरावर त्याचे पंख हलवले आणि ते १९.३ सेकंद हवेत राहिलं. आमचा सर्वांत चांगला पक्षी अकरा सेकंद राहिलाय, त्यामुळे मुलांना रायकर्ट गाठण्यासारखा वाटतो.

अडचण दहावीची आहे. हात बसलेली मुलं क्लासमुळे सुटतात आणि त्यांच्याबरोबर शिकलेलंही जातं. म्हणून यंदा नववीच्या प्रत्येकाने पाचवी-सहावीतला एक शागीर्द धरायचा, असं ठरलंय. छोट्यांची नावं अजून कमी आहेत. रविवारी सकाळी सातला मंडळाच्या हॉलमध्ये मुलांना घेऊन या. एवढासा पक्षी वाऱ्यात भरकटतो, त्यामुळे पंखे बंद असतात. रुमाल सोबत आणा.